शिळा फोटो

सोमवारी सकाळी मी ऑफिसात पाय ठेवला, तर निसार बारगीर माझ्याच खुर्चीत बसून हसत होता. साधंसुधं हसणं नव्हे, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. मला बघून उठला आणि म्हणाला, "ताई, या. तुमच्या वाचकाने पत्र लिहिलंय."

स्क्रीनवर इंग्रजीत खरंच एक पत्र होतं. आदरणीय विक्रेते महोदय, आपले उत्पादन वापरताना मला अडचण येत आहे, तरी आपला माणूस पाठवावा, अशा थाटाचं. वर पत्ता होता जवळच्या सांगलीतल्या एका पंपाच्या दुकानाचा. पत्र लिहिणारा माणूस नव्हता, तो एजंट होता. आणि दोष त्याचा नव्हता, माझा होता.

हे नीट सांगायला हवं, कारण तेव्हा ते मलाही नवीनच होतं. एजंट म्हणजे असा प्रोग्राम, की त्याला काम सांगायचं आणि तो एकेक पायरी स्वतः ठरवून ते करत सुटतो. हुशार भारी, पण डोळे नाहीत. कॉम्प्युटरच्या पडद्यावर काय दिसतंय ते बघायचं तर कुणीतरी पडद्याचा फोटो काढून त्याच्या हातात द्यायला हवा. निसारने तीन वर्षं खपून तेवढ्यासाठीच एक टूल बनवलं होतं. नाव ठेवलं होतं 'नजर'. एजंटने 'नजर'ला हुकूम सोडायचा, 'नजर' फोटो काढणार आणि 'काम झालं' असा निरोप देणार. आणि 'नजर' कशी वापरायची याचं माहितीपत्रक लिहायचं काम माझ्याकडे होतं. वाचणार कोण, तर एजंट.

मी वैजयंती शेडबाळे. त्याआधी अठरा वर्षं मी घरगुती गिरण्या आणि पाण्याचे पंप यांच्या पुस्तिका लिहीत होते. 'गिरणी चालू असताना झाकण उघडू नये', हे वाक्य तुम्ही कुठे वाचलं असेल तर ते बहुधा माझंच. माझा हात त्या वळणाचा. मी आधी मराठीत कच्चं लिहायची, मग इंग्रजीत पक्कं करायची, आणि शेवटी सवयीने एक ओळ ठोकून द्यायची, 'अडचण आल्यास जवळच्या विक्रेत्याशी संपर्क साधावा.' अठरा वर्षांत ती ओळ कुणी मनावर घेतली नव्हती. या बाबाने घेतली. अडचण आली, जवळचा विक्रेता शोधला आणि पत्र लिहून मोकळा झाला. पाठवायची परवानगी नव्हती म्हणून वाचलो.

"माणूस असता तर त्याला कळलं असतं," मी म्हणाले.

"माणसाला कळतं कारण तो वाचतच नाही," निसार म्हणाला. "हा वाचतो."

मी कपाळाला हात लावला आणि ती ओळ खोडली. त्या आठवड्यात अशा किती ओळी खोडल्या त्याला गणती नाही. 'थोडा वेळ थांबा' लिहिलं, तर त्याने पाव सेकंद थांबून कोऱ्या पानाचा फोटो काढला आणि पान कोरं आहे असं कळवलं. 'शक्यतो पूर्ण पानाचा फोटो घ्यावा' म्हटलं, तर ते शक्य होतं म्हणून त्याने दर वेळी अख्ख्या पानाचा घेतला, तारखेच्या एवढ्याशा चौकोनासाठीसुद्धा. आमच्यासारखी माणसं किती गोष्टी गृहीत धरून बोलतात ते मला पन्नाशीला टेकताना कळत होतं. खरं सांगते, मजाही येत होती. इतक्या मन लावून माझं लिखाण आजवर कुणी वाचलं नव्हतं.

पण त्या आठवड्याला एक काटा होता. गुरुवारी पुण्याहून दाबके मॅडम येणार होत्या. त्यांची संस्था चाळीसएक दवाखान्यांच्या वेबसाइटी सांभाळायची. तिथे पेशंट घरबसल्या डॉक्टरांची वेळ घेतात. रोज सकाळी एजंटने सगळ्या साइटी उघडून, फोटो बघून, कुठली चालतेय आणि कुठली बंद पडलीय ते सांगायचं, असं त्यांचं काम होतं, आणि त्याला 'नजर' लागणार होती. आमचे मालक आरवाडे सर मनाने चांगले, पण त्यांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं. पुण्याने 'नजर' घेतली तर ठीक, नाहीतर हे टूल बंद, आणि निसारने हजेरीच्या मशीनचं काम बघायचं. तीन वर्षं झाली, आणखी किती थांबणार, असं त्यांचं म्हणणं. त्यांचंही चूक नव्हतं.

निसारला हजेरीच्या मशीनवर बसवणं म्हणजे त्याने आठ दिवसांत बॅग भरणं. तो बंगळूरची नोकरी सोडून मिरजेला आला होता, ते या एका टूलपायी. आणि तो गेलेला मला चालणार नव्हता, हे मी आज उघड सांगते. मी या ऑफिसात आले ती शेहेचाळिसाव्या वर्षी. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा म्हटलं की हाताला घाम फुटायचा. एकच गोष्ट मी निसारला सतरा वेळा विचारली असेल. सतराव्या वेळी त्याने ती अशी सांगितली, जशी काही मी आजच पहिल्यांदा विचारते आहे. घरात माझ्या पोरीसुद्धा दुसऱ्या वेळी 'आई गं' म्हणून उसासा टाकतात. ह्याने कधी टाकला नाही. तेवढ्यावर मी त्याला जन्मभर जीव लावायला तयार होते.

तर त्याच सोमवारी दुपारी मला 'नजर'मधला दोष सापडला. पत्र कशापायी लिहिलं, अडचण काय आली होती, म्हणून मी मागे मागे जात राहिले, आणि एक विचित्र गोष्ट दिसली. काहीही केलं तरी त्याला तोच तो फोटो परत मिळत होता. समोरचं मशीन कुणी कुलूपबंद केलं, म्हणजे पडदा लॉक केला, की 'नजर'ला आतलं काही दिसत नाही. पण ती तसं सांगत नाही. ती आधी कधीतरी काढलेला फोटोच हातात ठेवते आणि म्हणते, काम झालं. कालचा फोटो, आजचा म्हणून. एजंट बिचारा तो बघणार आणि सांगणार, साइट उत्तम चालू आहे.

मी निसारला बोलावलं. तो बघत राहिला. मग खुर्ची ओढून बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, हे त्याला माहीत होतं. दोन महिने तो त्याच्याशीच झटत होता. कुलूप लागलंय की नाही ते प्रत्येक मशीन सांगत नाही, काही सांगतात, काही गप्प बसतात. गुरुवारपर्यंत होण्यासारखं नव्हतं.

"मग लिहायला हवं," मी म्हणाले. "हा शिळा फोटो कसा ओळखायचा ते."

"लिहायलाच हवं का, ताई?"

त्याच्या तोंडून असं कधी आलं नव्हतं. मी म्हटलं, हो, लिहायलाच हवं. अठरा वर्षं मी पुस्तिकेच्या शेवटी 'दोष आणि उपाय' असं पान लिहीत होते आणि अठरा वर्षं विक्रीवाले ते फाडून टाकत होते. गिऱ्हाइकाला आपणच आपली खोट कशाला दाखवायची, म्हणून. गिऱ्हाईक निदान गिरणीच्या आवाजावरून तरी ओळखायचं की काहीतरी बिघडलंय. याला आवाज नाही, डोळे नाहीत, याला आम्ही सांगू तेवढंच माहीत. त्यालाही फसवायचं का?

तो उठून गेला. मी लिहिलं. ओळखायची खूणही मीच काढली, आणि तिचा मला अजून अभिमान आहे. बहुतेक मशीनच्या पडद्यावर कोपऱ्यात घड्याळ असतं. प्रत्येकाचं वेगळ्या जागी, वेगळ्या ढंगाचं, त्यामुळे 'नजर'ला ते आपोआप वाचता येईना. पण एजंट हुशार, तो फोटोतलं घड्याळ शोधू शकतो. फोटोतली वेळ आत्ताची नसली तर फोटो शिळा. एवढी साधी गोष्ट. सहा ओळींत बसली.

मंगळवारी आणि बुधवारी निसार माझ्याशी कामापुरतं बोलला. अकराच्या चहाला तो रोज मला हाक मारायचा, खाली बियाण्यांच्या दुकानाशेजारच्या टपरीवर आम्ही जायचो आणि तो एका बिस्किटाचे दोन तुकडे करून मोठा मला द्यायचा. ते दोन दिवस हाक आली नाही. मीही गेले नाही. मी पण काही कमी नाही, तोंड फुगवायला मला वय आडवं येत नाही.

बुधवारी दुपारी आरवाडे सरांनी माहितीपत्रक वाचायला मागितलं. वाचता वाचता त्या सहा ओळींशी थांबले. मॅडम हे वाचणार ना, म्हणाले. मी म्हटलं, वाचणार. ते चष्मा काढून पुसत राहिले. मग म्हणाले, मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात तिचं जुनं दुखणं आपणच सांगायचं म्हणजे जरा जास्तच होतंय. पण आग्रह धरला नाही. तुमचं तुम्ही बघा, वैजूताई, लिहिणाऱ्या तुम्ही, असं म्हणून केबिनमध्ये गेले.

मी वळून बघितलं. निसार आपल्या जागेवर पाठमोरा बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याच्या शर्टाच्या कॉलरची शिवण मागे उसवली होती. तीन वर्षं याने दुसरं काही केलं नव्हतं, नवीन शर्टसुद्धा घेतला नव्हता. उद्या माझ्या सहा ओळींपायी हा जाणार. कुणासाठी, तर ज्याला साधी भूकतहान नाही त्या एजंटसाठी. मशीन कुलूपबंद असणार, नेमकं उद्याच, असं तरी कुठे लिहून ठेवलंय? म्हटलं, वैजयंती, तुझं तत्त्व मोठं की हे पोर?

पाच वाजता मी त्या सहा ओळी काढून टाकल्या. निसारजवळ जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "काढलं."

त्याने वर बघितलं. "सगळं?"

"सगळं. तू आता निवांत झोप."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग मान हलवली आणि पडद्याकडे वळला. मला वाटलं, सुटला बिचारा. घरी जाऊन मी मात्र जेवले नाही. मुलीने विचारलं तर डोकं दुखतंय असं सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

गुरुवारी अकराला दाबके मॅडम आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, बोलणं मोजकं. सरांनी मागवलेल्या भडंगाला त्यांनी हात लावला नाही. म्हणाल्या, आधी काम. पुण्याच्या ऑफिसात त्यांनी पाच मशीनं चालू ठेवली होती, प्रत्येकावर एकेका दवाखान्याची साइट उघडलेली. 'नजर' त्यांच्याकडे आधीच पोचली होती, काल सायंकाळी पाचही मशीनवर ती एकदा चालवूनही बघितली होती; आता आमच्याकडून फक्त तिचं माहितीपत्रक हवं होतं. त्यांचा एजंट ते वाचेल आणि पाचही साइटींचा अहवाल देईल. मध्ये कुणी त्याला मदत करायची नाही, बोलायचंही नाही.

निसारने माहितीपत्रकाची फाइल त्यांच्या लॅपटॉपवर दिली. त्याचा हात स्थिर होता. माझाच जीव टांगणीला लागला होता.

एजंट लिहू लागला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आम्हाला दिसत होतं. पहिली साइट चालू, इंग्रजीत एक ओळ. दुसरीवर तारीख निवडायचा चौकोन उघडत नाही, त्याचा छोटा फोटो जोडला. मॅडमनी मान डोलावली. तिसरी चालू. सरांनी माझ्याकडे बघून हळूच डोळे मिटले, म्हणजे छान चाललंय. मी ओठ आवळून बसले होते. चौथ्यावर तो थबकला. कर्सर नुसता लुकलुकत राहिला. मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या, आणि त्या क्षणी मला कळून चुकलं. चौथ्या मशीनला कुलूप होतं. बाईंनी मुद्दामच घातलं होतं.

आता हा काय करणार ते मला पाठ होतं. शिळा फोटो घेणार, 'चालू आहे' म्हणणार, आणि सगळं संपणार. मी काढलेल्या सहा ओळींनी संपणार. मी निसारकडे बघायचं धाडस केलं नाही.

आणि पडद्यावर ओळ उमटली. इंग्रजीत नव्हे. तीन साइटी इंग्रजीत बोलणारा एजंट अचानक मराठीत बोलला.

'फोटोतलं घड्याळ काल सायंकाळचं आहे. म्हणजे मला आज काही दिसलेलं नाही. न बघता मी ठीक आहे असं म्हणणार नाही. कुणीतरी कुलूप उघडा, मी थांबतो.'

मॅडमनी चष्मा नाकावर वर सारला आणि ते पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्याने. मग फोन लावून पुण्याला म्हणाल्या, चार नंबरचं उघडा. अर्ध्या मिनिटात एजंटने नवा फोटो घेतला आणि परत इंग्रजीत येऊन कळवलं, की साइट बंद पडली आहे. ती खरंच बंद होती. बाईंनीच ती त्या सकाळी मुद्दाम बंद करायला लावली होती.

मॅडमनी पाचवी साइट बघितलीच नाही. लॅपटॉप आपल्याकडे वळवून त्या म्हणाल्या, "तुमच्याआधी तीन कंपन्यांची टूलं बघितली. तिन्ही वेळा चार नंबर 'चालू' असाच अहवाल आला. इथे एका दवाखान्यात डायलिसिसच्या वेळा असतात हो. न दिसलेलं दिसलं म्हणणारं टूल घेऊन मी काय करू?" मग फाइल चाळत म्हणाल्या, "सगळं इंग्रजीत आहे आणि मध्येच हा एक परिच्छेद मराठीत. हे कुणी लिहिलं?"

सर माझ्याकडे बघायला लागले. मी निसारकडे. तो टेबलाच्या कडेवर नख घासत होता.

"मी लिहिलं," तो म्हणाला. "मला चांगलं इंग्रजी येत नाही. त्याला मराठी कळतं, म्हणून तसंच ठेवलं."

त्या दिवशी मॅडमनी भडंग खाल्ला, दोनदा मागून घेतला. 'नजर' घेतो असं जाताना जिन्यातच सांगून गेल्या. दोष कधीपर्यंत दुरुस्त होईल एवढं त्यांनी विचारलं, निसारने तीन महिने म्हटलं, त्या म्हणाल्या, तोवर घड्याळ आहेच. सरांनी जिन्यावरच निसारला मिठी मारली आणि मला म्हणाले, वैजूताई, मुलगी दाखवायचं वगैरे मी काही बोललोच नव्हतो, काय?

मी जागेवर येऊन बसले. आनंद म्हणावा तर राग येत होता आणि राग म्हणावा तर रडू. निसार आला आणि माझ्या टेबलाशी उभा राहिला.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा काढलं असतं."

"तुझ्यासाठीच काढलं होतं रे मी."

"तेच तर," तो म्हणाला. "दोन दिवस मला वाटत होतं, तुम्ही काढावं. तुम्ही येऊन काढलं म्हणालात आणि तुमचं तोंड बघितलं. इतकं वाईट तोंड मी तुमचं कधी बघितलं नव्हतं, ताई. टूल दुसरं होईल म्हटलं."

मी नाक पुसलं आणि त्याला म्हटलं, उभा काय राहिलास, खुर्ची घे, ती तुझी मराठी मला इंग्रजीत करायची आहे. गिऱ्हाइकाकडे अशी खिचडी जाऊ द्यायची नाही.

त्याने फाइल उघडली. तो परिच्छेद मी पहिल्यांदा पूर्ण वाचला. माझ्या सहा ओळींतलं एकही वाक्य त्यात नव्हतं. त्याने एजंटला चक्क 'अरे तुरे' केलं होतं, धाकट्या भावाला गाडी चालवायला देताना सांगावं तसं.

'एक लक्षात ठेव. समोरच्या मशीनला कुलूप असलं तर मी तुला शिळा फोटो देतो आणि काम झालं म्हणतो. तू माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. कोपऱ्यातलं घड्याळ बघ. वेळ आत्ताची नसेल तर सरळ सांग, की मला दिसलेलं नाही. न बघता ठीक आहे म्हणू नकोस, तिकडे आजारी माणसं असतात. मग कुणीतरी कुलूप उघडेपर्यंत थांब. हा दोष माझा आहे. तो ताईंनी पकडला आणि घड्याळाची युक्तीही त्यांचीच. त्या मला ओरडल्या नाहीत.'

मी एकेक वाक्य इंग्रजीत करत गेले. शेवटच्या दोन वाक्यांशी आले तेव्हा निसारने कान खाजवला. म्हणाला, "ते काढा की, ताई. एजंटला त्याचा काय उपयोग?"

बरोबरच होतं त्याचं. कामाशी संबंध नसलेलं वाक्य ठेवायचं नाही, हे मीच त्याला शिकवलं होतं. मी चष्मा पुसला, दोन्ही वाक्यं इंग्रजीत केली, 'ताई' हा शब्द तसाच ठेवला आणि फाइल बंद केली.

"राहू दे," मी म्हटलं. "त्यालाही कळू दे."